हस्तनिर्मित सायकल : प्रतीक्षेचे गणित आणि विसाराचा विश्वास

चवथीच्या कितीतरी दिवस आधी गोव्यातील घराघरांतून पाट चित्रशाळेत पोहोचतो. आपल्याकडे किती पाट आले हे मूर्तिकाराला ठाऊक असते आणि मूर्ती कोणत्या दिवशी हवी हे पंचांगाने ठरविलेले असते. त्या व्यवहारात वाट पाहणे असते, पण संदिग्धता नसते. युरोप-अमेरिकेत हाताने घडविल्या जाणाऱ्या सायकलींच्या व्यवहारात पाट देण्याचा दिवस निश्चित असतो. चवथीचा मात्र बहुधा नसतो. ग्राहक विसार देतो, मापे देतो, रंग सुचवितो आणि नंतर कधी एक वर्ष, कधी तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ प्रतीक्षा करतो. ही प्रतीक्षा कशातून निर्माण होते, तिच्यातील न्याय्य भाग कोणता आणि ग्राहकाच्या पैशाला धोका कोठे संभवतो, याचा हा परिचय.

हस्तनिर्मित म्हणजे नेमके काय?

सायकलीचे सर्व भाग कोणताही कारागीर स्वतः तयार करीत नाही. गिअर, ब्रेक, चेन, रिम, टायर हे सारे कारखान्यांतूनच येते. हाताने घडते ती फ्रेम आणि बहुतेक वेळा पुढचा चिमटा. फ्रेमसाठी लागणाऱ्या पोलादी नळ्याही विकतच घेतल्या जातात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमची रेनॉल्ड्स आणि इटलीतील कोलंबस ही या क्षेत्रातील दोन जुनी नावे. रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये एका विशिष्ट नळीचे पेटंट घेतले. ही नळी दोन्ही टोकांना जाड आणि मध्यभागी पातळ असते. सांधे टोकांवर येतात, म्हणून तेथे धातू अधिक. मध्यभागी ताण कमी, म्हणून तेथे वजन वाचविलेले. १९३५ मध्ये आलेली रेनॉल्ड्सची ‘५३१’ ही नळी पुढे अनेक दशके उत्तम सायकलीची खूण मानली गेली.

या नळ्यांची जाडी मध्यभागी अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. कारागीर प्रथम ग्राहकाच्या शरीराची मापे आणि चालविण्याची पद्धत विचारात घेऊन आराखडा काढतो. मग नळ्या कापतो आणि एका नळीचे टोक दुसरीच्या गोलाईवर तंतोतंत बसावे म्हणून ते कानशीने घासतो. जोडणीच्या एका पारंपरिक पद्धतीत नळ्या ‘लग’ नावाच्या पोलादी खोबणीत बसवितात आणि पितळेचा किंवा चांदीचा डाख वितळवून सांधा भरतात. चांदीमिश्रित डाख साधारण सहाशे ते सातशे अंश सेल्सिअसला वितळतो, तर पितळेला नऊशे अंशांच्या जवळपास उष्णता लागते. ज्योत क्षणभर जास्त रेंगाळली तर पातळ नळीची ताकद घटते. कमी पडली तर डाख आतपर्यंत पोहोचत नाही. बाहेरून दोन्ही सांधे सारखेच दिसू शकतात. त्यांतला फरक कळतो तो काही हजार किलोमीटरनंतर, उताराच्या रस्त्यावर.

घरगुती शिलाई यंत्रावर बेतलेला सदरा आणि तयार कपड्यांच्या दुकानातला सदरा यांत जसा फरक, तसाच येथेही आहे. सरासरी उंचीच्या, सुदृढ माणसाला कारखान्यातील उत्तम सायकल सहसा पुरेशी ठरते. फारच उंच किंवा फारच ठेंगणी व्यक्ती, पाठीच्या किंवा गुडघ्याच्या जुन्या दुखण्याने त्रस्त झालेला चालक, सामान लादून महिनोन्‌महिने प्रवास करणारा भटक्या, यांना मापाप्रमाणे घडविलेल्या फ्रेमचा लाभ खरोखर जाणवतो. अन्य ग्राहकांच्या बाबतीत सौंदर्याची ओढ आणि कारागिराविषयीचा आदर हीच मुख्य प्रेरणा असते. तीही गैर नाही. मात्र आपण कशासाठी थांबतो आहोत याची जाण असलेली बरी.

आठवड्याचे काम, वर्षांची रांग

अनुभवी कारागिराला एका साध्या फ्रेमसाठी सर्वसाधारणपणे वीस ते चाळीस तास लागतात. नक्षीदार लग, सामानाचे कॅरिअर किंवा दिव्याच्या तारा नळीतून नेण्याची सोय असेल तर वेळ वाढतो. तरीही हे काम आठवड्या-दोन आठवड्यांचे आहे. मग ग्राहकाला तीन वर्षे का थांबावे लागते?

उत्तर साध्या भागाकारात आहे. एखादा कारागीर वर्षाला चाळीस फ्रेम तयार करीत असेल आणि त्याच्या वहीत दोनशे नावे असतील, तर आज नाव नोंदविणाऱ्याची पाळी पाच वर्षांनी येणार. रांगेची लांबी, कामाचा वेग आणि प्रतीक्षेचा काळ यांतील हे नाते अमेरिकन अभ्यासक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केले; बँकेच्या खिडकीपासून रुग्णालयापर्यंत ते सर्वत्र लागू पडते. म्हणून ‘सायकल बनवायला पाच वर्षे लागतात’ हे विधान चुकीचे आहे. सायकल बनवायला काही दिवस लागतात. उरलेला काळ इतरांच्या सायकली बनण्याचा असतो.

वर्षाला चाळीस हा आकडासुद्धा कागदावरचा असतो. हा व्यवसाय बहुतांशी एकट्यादुकट्याचा आहे. नळ्या जोडणारा माणूसच पत्रांना उत्तरे देतो, हिशेब लिहितो, माल मागवितो आणि खोकी बांधतो. रंगकाम अनेकदा दुसऱ्या कारागिराकडे जाते आणि त्याची स्वतंत्र रांग असते. कारागिराचा हात दुखावला, घरात आजारपण आले की अख्खी यादी थांबते, कारण त्याच्या जागी उभा राहणारा कोणी नसतो. २०२०-२१ च्या महासाथीच्या काळात जगभर सायकलींची मागणी एकाएकी वाढली आणि गिअर-ब्रेकसारख्या काही भागांसाठी वर्षभराहून अधिक थांबण्याची पाळी आली. त्या काळात तयार फ्रेम भिंतीला टांगून सुटे भाग येण्याची वाट पाहणारे कारागीर अनेक ठिकाणी होते.

यादी कशी लांबते?

१९७० च्या दशकाच्या आरंभी काही तरुण अमेरिकन ही कला शिकण्यासाठी लंडनच्या डेप्टफर्ड भागातील विटकॉम्ब या दुकानात गेले. रिचर्ड सॅक्स, पीटर वेगल आणि बेन सेरोटा ही त्यांतील पुढे ख्यातनाम झालेली नावे. सॅक्स यांनी १९७५ मध्ये स्वतःच्या नावाने काम सुरू केले. मदतनीस न ठेवता, एका वेळी एक फ्रेम, हा त्यांचा शिरस्ता. कीर्ती वाढत गेली, हात मात्र दोनच राहिले. यादी अनेक वर्षांच्या पल्ल्याची झाली आणि अखेर त्यांनी नव्या ग्राहकांची नावे घेणे थांबविले. आपल्या उरलेल्या कार्यकाळात किती फ्रेम होतील, हा हिशेब प्रामाणिकपणे मांडला तर दुसरा निर्णय शक्यच नव्हता.

ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात सॅशा व्हाइट यांनी १९९९ मध्ये ‘व्हॅनिला’ नावाने सायकली घडविण्यास आरंभ केला. तेथेही यादी पाच वर्षांच्या घरात गेली आणि बंद करावी लागली. व्हाइट यांनी मग वेगळी वाट काढली. ‘स्पीडवॅगन’ या दुसऱ्या नावाखाली त्यांनी ठरावीक आराखड्याच्या, मोजक्या पर्यायांच्या सायकली देण्यास सुरुवात केली. माप ग्राहकाचे, पण प्रत्येक तपशील नव्याने ठरविण्याची मुभा नाही. पर्याय घटले की चर्चा घटते, चर्चा घटली की काम वेगाने होते आणि दिलेली तारीख पाळणे आवाक्यात येते.

यादी लांबण्याचे एक कारण किमतीतही दडलेले असते. मागणी पुरवठ्याहून फार अधिक असूनही किंमत न वाढविणारा कारागीर उदार वाटतो. पण ग्राहक उरलेली किंमत प्रतीक्षेच्या रूपाने मोजतात. त्यातून लांब यादीला प्रतिष्ठेचे वलय लाभते. ‘त्याच्याकडे चार वर्षे थांबावे लागते’ हे वाक्य जाहिरातीचे काम करते आणि निव्वळ उत्सुकतेने नाव नोंदविणारेही रांगेत शिरतात. पाळी आल्यावर त्यांतील काहींचा विचार बदललेला असतो, काहींची नोकरी गेलेली असते, काहींनी मधल्या काळात दुसरी सायकल घेतलेली असते. म्हणूनच वहीतील नावांची संख्या आणि प्रत्यक्ष काम यांचा ताळा अनेकदा जुळत नाही.

बदलते शरीर, बदलती सायकल

दीर्घ प्रतीक्षेत दोन गोष्टी स्थिर राहत नाहीत. पहिली म्हणजे ग्राहकाचे शरीर. चाळिसाव्या वर्षी दिलेली मापे पंचेचाळिसाव्या वर्षी तशीच लागू होतील असे नाही. कंबरेची लवचिकता घटते, वजन बदलते, हँडल थोडे उंच हवेसे वाटते. जाणते कारागीर म्हणूनच नोंदणीच्या वेळी केवळ नाव आणि हेतू लिहून घेतात. मापे पाळी आल्यावरच घेतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सायकलीचे तंत्र. एकेकाळी रस्त्यावरील वेगवान सायकलींच्या मागच्या चाकासाठी १३० मिलिमीटर रुंदीची जागा आणि रिमवर घासणारे ब्रेक हीच रीत होती. डिस्क ब्रेक आले, त्यांच्यासोबत १४२ मिलिमीटरची जागा आणि आरपार जाणारा जाड ॲक्सल आला. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये रस्त्यावरील शर्यतींत डिस्क ब्रेकना कायमची मान्यता दिली आणि बाजार झपाट्याने त्या दिशेला वळला. २०१४ मध्ये रिम ब्रेकची फ्रेम सांगून २०१९ मध्ये ती स्वीकारणाऱ्या ग्राहकाच्या हाती सुबक पण सुटे भाग मिळण्यास दिवसेंदिवस अवघड होत जाणारी वस्तू पडली असती. नोंदणी आणि आराखडा यांच्यात जितके अंतर, तितका हा धोका कमी. आराखडा आणि प्रत्यक्ष हाती येणे यांच्यात जितके अंतर, तितका तो अधिक.

अपेक्षांचे ओझे

सेवा व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मायस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. किती वेळ लागणार हे ठाऊक नसलेली प्रतीक्षा ठाऊक असलेल्या प्रतीक्षेपेक्षा लांब वाटते आणि कारण न सांगितलेला विलंब कारण सांगितलेल्या विलंबापेक्षा अधिक जाचतो, ही त्यांची मांडणी. हस्तनिर्मित सायकलींच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ याच दोन वाक्यांत सापडते. ग्राहक सहा महिन्यांच्या उशिराने क्वचितच संतापतो. तो संतापतो तीन पत्रांना उत्तर न आल्याने.

कारागिराचीही एक बाजू आहे. तो बहुधा बोलका व्यापारी नसतो. उशीर झाल्याचे कळविण्यात संकोच असतो. संकोचाने तो गप्प बसतो. गप्प बसल्याने पुढचे पत्र लिहिणे आणखी जड होते. ग्राहकाला वाईट वाटू नये म्हणून ‘पुढच्या महिन्यात’ असे सांगितले जाते आणि तो महिना उलटतो. हे आपल्याकडील दिवाळीपूर्वीच्या शिलाईच्या दुकानातही घडते. आशादायक तारीख ऐकणाऱ्याला गोड लागते आणि सांगणाऱ्याला महाग पडते.

प्रतीक्षेसोबत अपेक्षाही वाढते, हा आणखी एक गुंता. तीन वर्षे मनात रंगविलेली सायकल हाती येते तेव्हा ती निर्दोष असावी असे वाटते. रंगातील केसाएवढी रेघ, अपेक्षेहून किंचित गडद निळा रंग, लगच्या कडेवरील कानशीची पुसट खूण, हे दुकानातील सायकलीवर कोणी पाहिलेही नसते. हाताने घडलेल्या वस्तूत हाताची खूण राहते. मात्र ‘हस्तकला’ या शब्दाआड वाकडी फ्रेम किंवा न भरलेला सांधा लपविता येत नाही. चाके सरळ रेषेत चालतात का, सांधे पक्के आहेत का, मापे ठरल्याप्रमाणे आहेत का, हे दोषाचे निकष. रंगाची छटा ही आवडीची बाब; तिचा नमुना आधीच मागून घेणे हा त्यावरील उपाय.

इटलीतील दारिओ पेगोरेत्ती यांनी या प्रश्नाला निराळे उत्तर दिले होते. नामवंत शर्यतपटूंसाठी दुसऱ्यांच्या नावाने फ्रेम घडवीत ते मोठे झाले आणि पुढे आपल्या रंगकामासाठी जगभर ओळखले गेले. ‘चिआवेते’ या त्यांच्या पर्यायात रंगसंगतीचा निर्णय ग्राहकाने पूर्णपणे त्यांच्यावर सोपवायचा असे. काय येईल हे ठाऊक नाही, हे मान्य करूनच लोक थांबत. २०१८ मध्ये ते निवर्तले आणि सहकाऱ्यांनी कार्यशाळा पुढे चालविली. एका हातावर उभ्या असलेल्या व्यवसायात इतके सातत्य सर्वांच्या वाट्याला येत नाही.

विसार कोणाचा?

या विषयातील खरा कळीचा मुद्दा पैशाचा आहे. विसार ही ग्राहकाच्या मते त्याच्या सायकलीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम असते. कारागिराच्या लेखी ती अनेकदा चालू महिन्याचे भाडे भागविणारी आवक असते. आजच्या ग्राहकाच्या विसारातून कालच्या ग्राहकाच्या नळ्या विकत घेतल्या जाऊ लागल्या की त्या वहीचे स्वरूप बदलते. नवी नावे येत आहेत तोवर सारे सुरळीत भासते. मागणी मंदावली किंवा कारागीर आजारी पडला की शेवटच्या वीस-पंचवीस ग्राहकांचे पैसे खर्च झालेले असतात आणि त्यांच्या सायकलींची एक नळीही कापलेली नसते. बहुतेक वेळा आरंभी फसविण्याचा हेतू नसतो. हिशेबाची वही वेगळी न ठेवल्याने चांगला कारागीर या टोकाला पोहोचतो.

कला आत्मसात होणे आणि व्यवसाय सांभाळता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत फ्रेम घडविण्याचे शिक्षण देणारे अभ्यासक्रम अवघ्या दोनेक आठवड्यांचे असतात. २००५ मध्ये ह्यूस्टन येथे हस्तनिर्मित सायकलींचे पहिले मोठे उत्तर अमेरिकी प्रदर्शन भरले आणि त्यानंतरच्या वर्षांत अनेक हौशी तरुण या व्यवसायात उतरले. प्रदर्शनातील एका देखण्या सायकलीवर पन्नास मागण्या येतात; त्या स्वीकारणे सोपे आणि पुरविणे कठीण. जुन्या नावांनाही अभय नाही. इंग्लंडमधील डर्बी येथील मर्सियन हे १९४६ पासूनचे दुकान. २०२४ मध्ये त्याचे काम थांबले आणि कंपनी दिवाळखोरीच्या मार्गाला लागली. त्याच वर्षी स्थानिक सायकलप्रेमी व्यावसायिकांनी ते नाव विकत घेऊन पुन्हा उभे केले. हा शेवट सुखद असला तरी बंद पडणाऱ्या प्रत्येक दुकानाला असे तारणहार भेटत नाहीत. कंपनी बुडाली की विसार देणारा ग्राहक हा विनातारण धनको ठरतो आणि त्याची पाळी बँका व अन्य देण्यांच्या मागे लागते.

यावर देशोदेशींचे कायदे काही आधार देतात. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्यानुसार शंभर ते तीस हजार पौंडांच्या दरम्यान किंमत असलेल्या वस्तूचा विसार जरी क्रेडिट कार्डाने दिला असला, तरी करारभंग झाल्यास कार्ड देणारी संस्था संयुक्तपणे जबाबदार धरता येते. अमेरिकेत टपाल, दूरध्वनी किंवा इंटरनेटवरून विकलेल्या मालासाठी विक्रेत्याने मुदत सांगितली असेल तर ती पाळावी लागते आणि सांगितली नसेल तर तीस दिवस धरले जातात. उशीर होणार असल्यास ग्राहकाची संमती घ्यावी किंवा पैसे परत करावेत, असा नियम आहे. भारतात २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याची मुभा देतो आणि तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. परदेशी कारागिराविरुद्ध मिळालेल्या आदेशाची अंमलबजावणी मात्र व्यवहारात अवघड असते. त्यामुळे कायद्याआधी कागद महत्त्वाचा.

आपल्याकडील ग्राहकासाठी

भारतातील सायकल उद्योग कारखान्यांचा आहे. लुधियाना हे त्याचे केंद्र. तेथील हिरो सायकल्सची १९८६ मध्ये जगातील सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. मापाप्रमाणे फ्रेम घडविणारे हात त्या मानाने थोडे. पुण्यात बांबूच्या फ्रेम हाताने बनविण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि काही शहरांत पोलादी फ्रेमचे कारागीरही दिसू लागले आहेत. दुसरीकडे दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीची आवड गोवा, बेळगाव आणि पुण्यासह अनेक शहरांत वाढली. फ्रान्समध्ये दर चार वर्षांनी होणारी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही बाराशे किलोमीटरची, कमाल नव्वद तासांची कसोटी भारतीय स्वारांनाही खुणावते. अशा स्वाराला सायकल ठरावीक दिवशी हवी असते. अनिश्चित यादीवर त्या दिवसाचा भार टाकणे इष्ट नाही.

विसार देण्यापूर्वी पुढील बाबी लेखी विचारून घ्याव्यात :

१. यादीत आज किती नावे आहेत आणि गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष किती फ्रेम ग्राहकांच्या हाती गेल्या? सांगितलेल्या तारखेपेक्षा या दोन आकड्यांचा भागाकार अधिक खरा बोलतो.

२. विसार परत मिळतो का, कोणत्या टप्प्यापर्यंत आणि किती दिवसांत? नोंदणीची रक्कम अल्प असावी. मोठी रक्कम नळ्या मागविण्याच्या वेळी द्यावी.

३. किंमत नोंदणीच्या दिवसाची लागू होईल की पाळीच्या दिवसाची? पहिल्या प्रकारात कारागीर नुकसान सोसतो आणि अंगचोरपणाचा मोह वाढतो. दुसऱ्यात ग्राहकाला वाढीची तयारी ठेवावी लागते.

४. मापे आणि आराखडा केव्हा ठरेल आणि त्यानंतर बदल करता येतील का? आराखड्यावर सही झाल्यानंतर केलेला प्रत्येक बदल आपल्यामागील सर्वांची प्रतीक्षा वाढवितो, याचेही भान असावे.

५. उशीर झाल्यास कोण, किती दिवसांनी कळविणार? तीन महिन्यांतून एकदा दोन ओळींचे पत्र एवढी अपेक्षा कोणत्याही कारागिराला जड जाऊ नये.

६. फ्रेममध्ये दोष आढळल्यास दुरुस्ती कोठे होणार? परदेशी पाठविण्याचा खर्च आणि आयातीवरील कर कोणी भरायचा?

गेल्या काही महिन्यांत सायकल मिळालेल्या दोघा-तिघा ग्राहकांशी बोलणे हा सर्वांत उपयुक्त शोध. पाच वर्षांपूर्वीच्या ग्राहकाचे समाधान आजच्या यादीविषयी फारसे सांगत नाही.

या प्रश्नांनी भला कारागीर दुखावत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. आपल्याला वर्षाला किती फ्रेम जमतात हे ज्याने मोजले आहे, तो ग्राहकाला ‘दोन वर्षे’ म्हणू शकतो, प्रसंगी ‘आता नाव घेता येणार नाही’ असेही सांगू शकतो. नकार ऐकून परत जाणाऱ्या ग्राहकाचे त्यात काहीही बुडत नाही. ज्याचे नाव वहीत आहे, त्याने मात्र सांगितलेला काळ शांतपणे थांबावे. मूर्ती रंगत असताना चित्रशाळेच्या दारात रोज उभे राहून ती लवकर सुकत नाही. आणि पाट ठेवून घेणाऱ्यानेही चवथ कोणत्या दिवशी आहे हे विसरायचे नसते.